डोंगर बंद होता तेव्हा

रत्नासुराची गोष्ट मी पहिल्यांदा आज्जीच्या तोंडून ऐकली. डोंगरावर माजलेला राक्षस आणि त्याच्या पारिपत्यासाठी आलेला केदारनाथ, म्हणजेच आपला जोतिबा. आज्जीचा राक्षस एके रात्री वाड्याएवढा असायचा, तर दुसऱ्या रात्री ढगाएवढा. पुढं चैत्र यात्रेला तिच्याबरोबर जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीला गेलो. सासनकाठ्या नाचत होत्या, गुलाल-खोबरं उधळलं जात होतं, 'चांगभलं'चा गजर चालला होता. त्या गर्दीत देव दिसला तो पापणी लवेपर्यंतच. आज्जी गेल्यावर माझ्यापाशी ही यात्रा तेवढी उरली, गोष्ट मागं पडली.

ती परत आली २०२० साली. कोरोनामुळं मार्चपासून देवळं बंद होती. चैत्र यात्रा झाली नाही, नवरात्रातही दार उघडलं नाही. त्याच नवरात्रात, २३ ऑक्टोबरला, 'स्टार प्रवाह'वर 'दख्खनचा राजा जोतिबा' सुरू झाली. मालिका महेश कोठारे यांच्या कोठारे व्हिजनची आणि चित्रीकरण आमच्या कोल्हापूरच्या चित्रनगरीत. इथल्याच बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं 'सैरंध्री' हा पौराणिक चित्रपट आणला तो १९२० साली. बरोबर शंभर वर्षांनी कोल्हापूर पुन्हा एक पुराणकथा सांगत होतं, आणि ती आता घरच्या देवाची होती.

पौराणिक मालिका मी पुष्कळ पाहिल्या. ही मनात वेगळी राहिली, कारण डोंगरावर आपल्याला भेटतो तो सिंहासनावरचा राजा. इथं पौगंड ऋषी आणि विमलांबुजेच्या घरचं लेकरू भेटलं. पुढं विशाल निकमचा तरणाबांड जोतिबा आला, पण आमच्या घरातल्या बायका रमल्या त्या बाळ जोतिबात. त्याला संकटात बघून आईचे डोळे भरायचे. जन्मभर ज्याला नवस बोलली, त्याची तिला काळजी वाटू लागली होती. भक्तीतली ही माया मला यात्रेच्या गर्दीत कधी दिसली नव्हती.

दिवाळी पाडव्याला देवळं उघडली. मालिका मात्र पुढच्याच वर्षी संपली. दर्शन क्षणाचं असतं. गोष्टीला सवड लागते, रोज कुणीतरी सांगावी लागते. आज्जीनंतर आमच्या घरात ते काम कुणी केलंच नव्हतं. त्या कठीण वर्षात ते या मालिकेनं केलं. आता जेवण झाल्यावर नातवंडांना रत्नासुराची गोष्ट मी सांगतो.