हौशी

इंग्रजी 'अ‍ॅमॅच्युअर'साठी मराठीत आपण 'हौशी' म्हणतो. हौशी नट, हौशी छायाचित्रकार. मुळात हा शब्द उणा नाही. हौसेच्या मागे अरबी 'हवस' आहे, म्हणजे तीव्र इच्छा. आणि इंग्रजी शब्दाच्या मुळाशी असलेला लॅटिन शब्दही 'प्रेम करणारा' असेच सांगतो. तरी 'हौशी मुष्टियोद्धा' लिहिताना लेखणी अडखळते. मराठीत हौस ही पोट भरल्यानंतरची, सवडीची गोष्ट होऊन बसली आहे. नाकावर ठोसे खायला सवडीने कोण जाईल?

हा प्रश्न माझ्यापुरता टोकदार झाला तो २०२४ साली पनवेलला 'चंदू चॅम्पियन' पाहताना. मुरलीकांत पेटकरांची हकिकत आता सर्वज्ञात आहे. १९४४चा जन्म, गाव सांगली जिल्ह्यातले पेठ; सैन्यातल्या ईएमई दलात जवान आणि बॉक्सर; १९६५च्या युद्धात गोळ्या लागून पाय निकामी; १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्ण. २०१८ साली पद्मश्री. या साखळीत मी नेहमी 'बॉक्सर' या एका शब्दापाशी थांबतो. विजयी शेवटाच्या उजेडात आधीचे प्रकरण केवळ प्रस्तावना ठरते. साहित्य शिकवणाऱ्याला ही वाचनाची खोड चांगली परिचयाची असते.

विशीतल्या जवानासाठी ती प्रस्तावना नव्हती. सांगली-साताऱ्याच्या पोराला कुस्तीसाठी गावची तालीम होती, जत्रेतला फड होता, फेटा बांधून घेणारी माणसे होती. बॉक्सिंगला यातले काहीच नव्हते. त्याची तालीम म्हणजे लष्कराची बराक. हौशी खेळाडूने लढतीचे पैसे घ्यायचे नाहीत हा नियम, म्हणून भाकरीची सोय नोकरीने करायची. त्याच लष्करातल्या हवा सिंग यांनी १९६६ आणि १९७०च्या बँकॉक आशियाई स्पर्धांत हेवीवेट गटात सुवर्ण मिळवले. म्हणजे बराकीतून निघणारी वाट कुठवर जाते, हे पुढच्याच वर्षी दिसले. पेटकरांची वाट त्याआधी तुटली.

ते किती मोठे बॉक्सर झाले असते, हा हिशेब मला मांडायचा नाही. पण पुढे सुवर्ण मिळाले म्हणून तुटलेल्या कारकिर्दीची भरपाई झाली, हे वाचन मला पटत नाही. जलतरणाचे यश हे दुसऱ्या कारकिर्दीचे यश आहे; पहिलीचा शोक त्याने पुसला जात नाही. रोज पहाटे उठून, पदक मिळेल की नाही हे ठाऊक नसताना केलेला सराव स्वतःच्या बळावर पुरा असतो. पुढे काय घडणार याची हमी न मागता जीव लावणे, एवढा अर्थ 'हौशी' या शब्दाला परत देता आला, तर तो मुष्टियोद्ध्याच्या आधी लिहायला माझी हरकत नाही.