वचन आणि विवेक

१८२० साली कलकत्त्यात राममोहन रॉय यांनी चारही शुभवर्तमानांतील येशूची नीतिवचने निवडून एका इंग्रजी पुस्तकात प्रसिद्ध केली. चमत्कार, चरित्रकथा आणि गूढ सिद्धान्त त्यांनी बहुतांशी बाजूला ठेवले. इतिहासाविषयी शंका घेता येते, चमत्कारांचे नवल आशियातील लोकांना फारसे वाटत नाही; परंतु इतरांकडून जसे वर्तन अपेक्षावे तसेच आपण त्यांच्याशी करावे, हे पंडिताला आणि निरक्षराला सारखेच पटते, अशी त्यांची भूमिका होती.

श्रीरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांना ही निवड मान्य झाली नाही. माणसाला नीती कळते, पण ती पाळण्यात तो उणा पडतो. त्या पापाचे प्रायश्चित्त ख्रिस्ताने क्रुसावर केले आणि हे शास्त्रावाचून उमगत नाही, असा त्यांच्या आक्षेपाचा गाभा. तारणारा वगळला तर नुसती आज्ञा हे ओझेच ठरते. हा आक्षेप उथळ नव्हे.

पुढे मात्र दोघांनाही एकमेकांची शस्त्रे हाती घ्यावी लागली. १८२० ते १८२३ या काळात राममोहन यांनी तीन उत्तरे लिहिली, आणि विवेकाचा हा पुरस्कर्ता त्यांत हिब्रू-ग्रीक मूळ पाठांचे आधार देऊ लागला. तिसरे उत्तर छापण्यास मिशनच्या छापखान्याने नकार दिला, तेव्हा त्यांनी स्वतःचा छापखाना काढला. मार्शमन यांनाही वचनाचा अर्थ ठरवताना पदोपदी तर्क करावा लागला.

हा वाद केवळ ग्रंथांचा नव्हता. जिवंत स्त्रीला जाळणे क्रूर आहे, याहून स्वयंसिद्ध काय असावे? तरीही सतीच्या चितेभोवतीच्या जमावाला ते दिसत नव्हते. रूढीने दृष्टी झाकली होती. म्हणूनच १८१८ च्या सतीविरोधी पुस्तिकेत राममोहन यांनी, विधवेने व्रतस्थ जीवन जगावे या मनूच्या विधानाचा आधार घेतला. या प्रश्नावर श्रीरामपूरचे मिशनरीही सतीच्या विरोधातच होते. १८२९ साली बंगाल प्रांतात ही प्रथा कायद्याने बंद झाली.

विवेक बधिर होतो तेव्हा वचन त्याला जागे करते; पण कोणते वचन जीव वाचवणारे, हे विवेकालाच ओळखावे लागते. ख्रिस्ती नीतीपुरते पाहिले, तर येशूची ती आज्ञा ग्रंथात आहे हे मार्शमन यांचे म्हणणे खरे. मात्र तिचे पालन करण्यासाठी माणसाला प्रथम स्वतःच्याच मनाला विचारावे लागते: मला कसे वागवलेले आवडेल?