नाईलकाठचे भोजन

कैरोत नाईलकाठच्या एका उंची उपाहारगृहात आम्ही सहकुटुंब जेवलो. तेथील झुंबरांपेक्षा माझे लक्ष पदार्थांतील घटकांकडे अधिक होते. माझ्या मुलाच्या रक्तात ‘जी-६-पीडी’ या विकराची जन्मजात कमतरता आहे. अशा व्यक्तीने बाकला, म्हणजेच फावा बीन्स, खाल्ल्यास रक्तातील तांबड्या पेशी झपाट्याने फुटून कावीळ व तीव्र रक्तक्षय होऊ शकतो.

आणि इजिप्तचे नित्याचे अन्न म्हणजे हाच बाकला! मंद आचेवर शिजवलेले ‘फूल’ त्याचेच. वरून कुरकुरीत, आतून हिरवेगार ‘तामिया’ वडेही काबुली चण्यांचे नसून बाकल्याचेच. रूपावरून ते ओळखू येणे कठीण.

वाढप्याला विचारताच त्याने मुख्य आचाऱ्यांनाच बोलावून आणले. त्यांनी तामियाच्या कढईतील तळण वर्ज्य करून भात, मसूर, मॅकरोनी आणि तळलेल्या कांद्याची ‘कोशरी’ सुचवली. सोबत लसूण-धण्यांच्या फोडणीची ‘मुलुखिया’ ही पातळ पालेभाजी. मुलगा तृप्त होऊन जेवला.

प्रवासाला निघताना घरातील प्रत्येकाचे पथ्य त्या देशाच्या भाषेत कागदावर लिहून जवळ ठेवावे. जाणत्या यजमानाला अशा चौकशीचा राग येत नाही. उलट त्याचे आतिथ्य तिच्यामुळेच सार्थ होते.