गोडं पाणी

थळला आमच्या वाडीतली बाव समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. भरतीच्या रात्री लाटांचा आवाज थेट बावीच्या काठाशी येतो आणि तरी तिचं पाणी गोड. लहानपणी याचं काही नवल वाटत नसे. अष्टागरात वाडी तिथे बाव, बावीवर रहाट आणि पाटाच्या पाण्यावर नारळी-पोफळी, हे ठरलेलंच. समोर समुद्रात खांदेरी. १६७९ साली शिवाजी महाराजांच्या माणसांनी इंग्रजांच्या जहाजांना तोंड देत तिथे तट उभारला. त्या बेटावरही गोड्या पाण्याची टाकी आहेत. चहूकडे खारं पाणी असताना तटाच्या दगडाइतकीच चिंता प्यायच्या पाण्याची केली गेली असणार.

रहाटाचे लोटे अर्धेमुर्धे भरून यायला लागले की आजी बैल सोडायला लावायची. शिंपणं राहिलं तरी चालेल. "बाव दमली रे, बसू दे तिला," म्हणायची. तिच्या या बोलण्यामागचा हिशेब मला पुष्कळ उशिरा वाचायला मिळाला. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि हलकं असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. समुद्राच्या पातळीच्या वर त्याची उंची एक मीटर असेल, तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. म्हणजे वरचं एक हात पाणी कायमचं गेलं, की खालचं खारं ४० हात वर सरकू पाहतं. बैलाच्या चालीने फिरणाऱ्या रहाटाला तेवढी घाई करताच येत नव्हती.

पुढे नोकरीने मला लेहला नेलं. साडेतीन हजार मीटर उंची, हिवाळ्यातल्या रात्री शून्याच्या वीस अंश खाली, आणि माझं काम बराकींच्या पाण्याच्या लाइनीचं. इथे पाण्याला बसू दिलं की संपलंच! गोठताना पाणी नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं. पण बर्फ झाला तिथेच पाइप फुटतो असं नाही. मध्ये बर्फाचं बूच बसतं, तिथपासून बंद तोटीपर्यंत पाणी अडकतं, त्याच्यावर दाब चढत जातो आणि जिथे पाइप कच्चा तिथे तो फाटतो. म्हणून माणसं राहत असतील तिथे रात्रभर तोटीतून बारीक धार सोडायची. बराक रिकामी करायची असेल तर वरून पाणी बंद, सगळ्या तोट्या उघड्या आणि सगळ्यात खालच्या तोटीतून लाइन पूर्ण निचरून टाकायची. त्यासाठी पाइपला शेवटपर्यंत उतार हवा. एका जागी तो दोन बोटं जरी लोंबला, तरी तेवढ्यात साचलेलं पाणी पुरतं.

हे सगळं कळायचं मार्चमध्ये. थंडीभर फाटलेला पाइप गप्प असतो, कारण बर्फच त्याला बुजवून असतो. ऊन चढलं की वेष्टण ओलं दिसू लागे. ते सोडवलं की अंगठ्याएवढी उभी चीर, कडा बाहेरच्या बाजूला उलटलेल्या. लोखंडावर पाण्याची ती ताकद पाहिल्यावर मला पाण्याचा धाक बसला, तो आजही आहे.

मी तिकडे असतानाच वाडीत रहाट जाऊन मोटर आली. परतलो तेव्हा पाणी मचूळ लागत होतं आणि पोफळींच्या झावळ्या टोकांकडून करपल्या होत्या. मोठी मोटर काढून लहान बसवली. पहाटे थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ एवढाच उपसा, मध्ये बावीला पूर्ण विसावा. पाट बंद करून आळ्यांना ठिबक लावलं. पागोळ्यांचं पाणी चर खणून बावीच्या वरच्या अंगाला जिरवतो. दोन पावसाळ्यांनंतर चव सुधारली आहे, पण मे महिन्यात अजून जिभेला खारटपणा जाणवतोच.

कारण वाळूखालचं पाणी कुंपण मानत नाही. आजूबाजूला बंगले उठताहेत, बोअर खोल जाताहेत, कुठे पोहण्याचे तलाव भरले जाताहेत, आणि सगळे एकाच थरातून ओढताहेत. एकट्याच्या संयमाने तो थर टिकायचा नाही. दर आठवड्याला प्रत्येक बावीची पातळी आणि खारेपणा मोजून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा आणि उन्हाळ्यात कुणी किती वेळ मोटर चालवायची ते त्यावरून ठरवावं, असं मी ग्रामसभेत मांडणार आहे. आमच्या बावीचे आकडे होळीपासून वहीत लिहून ठेवले आहेत. ते घेऊनच जाईन.