निनावी माशाचे बारसे

'गप्पी' हा शब्द कानाला अस्सल मराठी वाटतो. वर्गात एकदा व्युत्पत्ती विचारली, तेव्हा निम्म्या मुलांनी त्याचे नाते गप्पांशी जोडले. प्रत्यक्षात ते एका माणसाचे आडनाव. लेचमीअर गप्पी नावाच्या गृहस्थांनी त्रिनिदादहून पाठवलेल्या माशाला लंडनच्या ग्युंथर यांनी १८६६ मध्ये त्यांचे नाव दिले. तोच मासा १८५९ मध्ये पीटर्स यांनी आधीच नोंदवलेला निघाला आणि शास्त्रीय नाव रद्द झाले. आडनाव तेवढे राहिले, आणि दक्षिण अमेरिकेतून कोकणातल्या विहिरीपर्यंत पोहोचले.

ते पोहोचवणाऱ्यांत आम्हीही होतो, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही दोघे नवराबायको एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. २००९ च्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर घेऊन तळकोकणातल्या एका गावी गेलो होतो. आरोग्यसेवकाने आणलेल्या बादलीतले गप्पी विद्यार्थ्यांनी विहिरींत आणि व्हाळाच्या कोंडीत सोडले. भिंतींवर घोषवाक्ये रंगवली. 'पाळा' आणि 'टाळा' या यमकाचे आम्ही कौतुकही केले. गावात हिवतापाची धास्ती होती, त्यामुळे त्या वेळी यात काही गैर आहे असे मनातही आले नाही. आजही त्या आरोग्यसेवकाला दोष द्यावासा वाटत नाही.

त्या कोंडीत तेव्हा दुसरा एक मासा होता. वरून पाहिले तर डोक्यावर पांढरी टिकली चमके, आणि पाण्याच्या पृष्ठभागाखाली तो काडीसारखा स्थिर असे. वर किडा पडला की काडी नाहीशी होई. एका विद्यार्थ्याने त्याला 'टिकल्या' म्हटले, एवढीच आमच्यापाशी त्याची नोंद. हा मासाही डासांच्या अळ्या खातो, हे आम्हाला कित्येक वर्षांनी कळले. म्हणजे ज्या कामासाठी आम्ही पाहुणा नेला, ते काम करणारा घरातच होता. त्याचे शास्त्रीय नाव अ‍ॅप्लोकायलस लिनिएटस. १८४६ मध्ये व्हालांसिएन या फ्रेंच अभ्यासकाने त्याचे वर्णन केले, तेही मुंबईहून गेलेल्या नमुन्यांवरून. आपल्याच किनाऱ्यावरच्या माशाचे बारसे पॅरिसला झाले आणि आपल्या पाठ्यपुस्तकात मात्र त्याला जागा नाही.

२०२१ मध्ये पुन्हा त्या गावी जाणे झाले. कोंडीत गप्पी होते, पुष्कळ होते. टिकल्या एकही दिसला नाही. तो गप्पींमुळेच गेला असे छातीठोकपणे म्हणणार नाही. मधल्या काळात बंधारा झाला होता, काठची झुडपे तुटली होती. पण गप्पीची मादी थेट पिल्लांना जन्म देते आणि नराचे बीज महिनोन्महिने साठवून ठेवू शकते. एकटी मादीही वंश मांडू शकते, आणि आम्ही तर बादलीभर सोडले होते. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला मात्र, जिथे गप्पी पोहोचले नव्हते, तिथे टिकल्या मिळाले. पाच आणले. आणावेत की नाही यावर आमच्यात मतभेद होता, तो अजून मिटलेला नाही.

तीन फुटी काचपेटी दिवाणखान्यात आली. पहिला धडा महागात पडला. हा मासा उडी मारतो, आणि झाकणाला दोन बोटांची फट पुरे. थोरला नर सकाळी विश्वकोशाच्या खंडांमागे सुकलेला सापडला. उरलेल्या चौघांत एक नर, तीन माद्या. नराच्या अंगावर सोनेरी ठिपक्यांच्या ओळी; मादीच्या अंगावर, विशेषतः शेपटीकडे, गडद उभे पट्टे.

प्रजननासाठी आम्ही हिरव्या लोकरीचा झुबका केला, बुचाला बांधला आणि पाण्यावर तरंगत ठेवला. मादी त्यात एका दमात अंडी घालत नाही. रोज थोडी थोडी, कित्येक दिवस. ती चिकट असतात, मोहरीएवढी, आणि बोटांनी वेचता येतील इतकी टणक. रोज संध्याकाळी उत्तरपत्रिका बाजूला सारून झुबका पिळायचा, अंडी उथळ वाडग्यात ठेवायची, पांढरी पडलेली काढून टाकायची. आठवड्याने भिंगातून पाहिले तर अंड्यात दोन काळे डोळे. ते आपल्याकडे पाहत आहेत असे वाटते. तसे नसते, पण वाटते. बारा ते चौदा दिवसांत पिल्ले बाहेर येतात.

खरी परीक्षा पुढे असते. अंडी रोजची, म्हणून पिल्ले रोजच्या वयाची, आणि आठवड्याने थोरले पिल्लू धाकट्याला गिळू पाहते. त्यामुळे वयानुसार वाडगी वेगळी. केळीची साल कुजवलेल्या पाण्यातले सूक्ष्मजीव हा पहिला आहार, मग आर्टिमियाची अळी. त्या मोसमात स्वयंपाकघरातली एकही काचेची वाटी आमची उरली नव्हती. आईंनी (त्या तेव्हा आमच्याकडेच होत्या) एकदाच विचारले, "हे कुणाचं देणं फेडताय?" आम्ही हसण्यावारी नेले.

पावसाळ्याअखेर अडतीस पिल्ले बोटभर झाली. कोंडीत सोडायचे ठरले. आमच्याच महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या तरुण सहकारी मॅडमना अभिमानाने बोलावले. त्यांनी पेटी पाहिली, पाणवनस्पती कुठून आणल्या ते विचारले. दुकानातून, असे सांगितले. "सर, मग यांना व्हाळात सोडू नका," त्या म्हणाल्या. दुकानातल्या पाण्याबरोबर आलेला रोग वरच्या अंगाच्या टिकल्यांनाही लागू शकतो. शिवाय अडतिसांचा बाप एकच. सोडायचे, तर कोंडीतल्या गप्पींचे काय करणार, हेही त्यांनी विचारले. त्याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. बारा वर्षांपूर्वी बादली उपडी करायला आम्हाला दोन मिनिटे लागली होती.

अडतीसपैकी काही आता सिमेंटच्या हौदांत आहेत: एक महाविद्यालयाच्या बागेत, दोन विद्यार्थ्यांच्या परसात. त्या हौदांचे पाणी ओढ्याला मिळत नाही, हे आधी पाहून घेतले. बागेतल्या हौदाला पाटी हवी म्हणून माळीकाका मागे लागले होते. शास्त्रीय नाव लिहिले, तर त्यांना ते वाचताना अडखळायला झाले. खाली कंसात 'टिकल्या' लिहिले. हा शब्द कोणत्या कोशात आहे, असे एका सहकाऱ्याने टोकले. कुठेच नाही, असे आम्ही सांगितले आणि पाटी तशीच लावली.

दर कार्तिकात आम्ही बंधाऱ्याच्या वर जातो. जाळे नेत नाही. काठावर उकिडवे बसून पांढऱ्या टिकल्या मोजतो. गेल्या खेपेला ऊन ढगाआड जाईपर्यंत सतरा मोजून झाल्या होत्या.