घरच्या माणसांचे पोर्ट्रेट

घरच्या माणसाचे पोर्ट्रेट काढताना पहिली अडचण चेहऱ्याचीच येते. प्रत्येकाकडे फोटोसाठी राखून ठेवलेला एक चेहरा असतो. कॅमेरा दिसला की आजी पदर सारखा करून ताठ बसते, बाबा ओठ मिटून घेतात, शाळकरी भाचा दोन बोटे वर करतो. हौशी छायाचित्रकार यावर चिडतो, पण चिडण्याचे कारण नाही. त्या माणसाला आपण जसे दिसावे असे वाटते, तसाच तो चेहरा असतो. म्हणून आधी त्या चेहऱ्याचा एक फोटो मनापासून काढावा, त्या माणसाला दाखवावा आणि खऱ्या कामाला त्यानंतर लागावे.

ते काम हातांपासून सुरू होते. रिकामे हात माणसाला अवघडवतात. कुठे ठेवावेत हेच कळत नाही. आजीला वाती वळायला किंवा लसूण सोलायला बसवले, आजोबांच्या हाती अडकित्ता दिला, की खांदे आपोआप खाली येतात. बोटे सरावाने चालू लागतात आणि पंधरा-वीस मिनिटांत कॅमेऱ्याचा विसर पडतो. तेवढ्यात माहेरच्या विहिरीबद्दल, पहिल्या नोकरीबद्दल काही विचारावे. उत्तर आठवताना नजर वर येते, आणि बोलून झाल्यावर एक क्षण चेहरा तसाच राहतो. शटर तेव्हा दाबावे. बोलत असताना काढलेल्या फोटोत तोंड वेडेवाकडे येते, हा सगळ्यांचाच अनुभव आहे.

घरात सर्वांत चांगला उजेड खिडकीचा. थेट ऊन येत नसेल अशी खिडकी निवडावी, माणसाला तिच्यापासून तीन-चार फुटांवर थोडे तिरके बसवावे आणि ट्यूबलाइट बंद करावी. दोन रंगांचे उजेड मिसळले की गालाची एक बाजू हिरवट दिसते. अंधाऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता उभा केला तर सावली हलकी होते. मात्र म्हाताऱ्या चेहऱ्यावरची सावली पूर्ण पुसू नये. सुरकुत्या दिसतात त्या तिच्यामुळेच. चष्म्यात खिडकी चमकत असेल तर हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगावे.

पांढरे धोतर, पांढरी टोपी असा पेहराव कॅमेऱ्याच्या मीटरला फसवतो. चौकटीत पांढरे जास्त दिसले की तो एक्स्पोजर कमी करतो आणि सावळा चेहरा काळवंडतो. अशा वेळी एक्स्पोजर चेहऱ्यासाठी ठरवावे. टोपीवरचा थोडा तपशील गेला तरी चालेल. महागड्या लेन्सची गरज नसते. मोबाइलच्या नेहमीच्या लेन्सने अगदी जवळून काढले तर नाक मोठे दिसते, म्हणून दोन पावले मागे सरून झूम करावे. कॅमेऱ्यावर एफ/१.८ ठेवण्याचा मोह होतो, पण त्यात एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर येऊ शकतो, एफ/४ बरे.

या छंदाला मोठी परंपरा आहे. कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना १८६३ मध्ये, वयाच्या ४८व्या वर्षी, मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला. काचेवर रसायन पसरून ते ओले असतानाच फोटो घ्यायचा, असे तेव्हाचे तंत्र होते आणि समोरच्याला बराच वेळ स्थिर बसावे लागे. हे सोसायला घरचीच माणसे हवीत. त्यांची भाची ज्युलिया जॅक्सन, म्हणजे लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांची आई, त्यांच्यासमोर पुन्हा पुन्हा बसली. आपल्याकडे उमराव सिंह शेरगिल (१८७०–१९५४) या संस्कृत-फारसीच्या अभ्यासकाने पत्नी, मुली अमृता व इंदिरा आणि स्वतःचे फोटो कित्येक दशके काढले. बुडापेस्टमध्ये जन्मलेली अमृता चित्रकार होत जाते, हे त्या फोटोंत दिसते. परक्या छायाचित्रकाराला तासाभराची बैठक मिळते, घरच्याला वर्षे मिळतात. या छंदाचे खरे बळ तेच आहे.

म्हणूनच घरच्यांच्या नकाराला मान द्यावा. आजारपणात किंवा रडताना फोटो नको असेल तर कॅमेरा बाजूला ठेवावा, आणि विचारल्याशिवाय कुणाचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नये. चेहरा गुळगुळीत करणारे फिल्टर तर वापरूच नयेत. त्यांनी आजीचा चेहरा आजीचा राहत नाही.

कितीतरी घरांत माणूस गेल्यावर हार घालायला धड फोटो सापडत नाही आणि लग्नातल्या ग्रुप फोटोतून चेहरा कापून मोठा करावा लागतो. आई-वडील, आजी-आजोबा हयात असताना त्यांचे नीट पोर्ट्रेट काढावे आणि ते मोबाइलमध्येच न ठेवता कागदावर छापून घ्यावे. मागे पेन्सिलीने, हलक्या हाताने, नाव, गाव आणि वर्ष लिहावे. शाई काही वर्षांनी पुढच्या बाजूला उतरू शकते.