राखलेला डाव

माझ्या टेबलावर जेमतेम दोन इंचांची एक गुलाबी बाहुली आहे. गोल अंग, फुगीर गाल, हात म्हणजे नुसते दोन गोळे आणि पायांत लाल बूट. हा कर्बी, व्हिडिओ गेममधलं एक पात्र. असल्या बाहुल्यांना अमीबो म्हणतात. आईला हे सांगितलं तेव्हा तिला वाटलं, मी अमीबा म्हणतोय. तिने शाळेत जीवशास्त्र शिकवलेलं, त्यामुळे चूक साहजिक होती. शिवाय ती फारशी चूकही नव्हती. कर्बीसुद्धा समोर येईल त्याला गिळतो. वर ज्याला गिळलं, त्याची एखादी विद्या उचलतो.

हा कर्बी पैलवान आहे आणि मी त्याचा वस्ताद.

वस्ताद हा शब्द आमच्या घरात कुणी सहज वापरत नाही. आजोबांची सकाळ कोल्हापूरच्या तालमीत जायची. ते नामांकित मल्ल नव्हते. गावोगावच्या जत्रांत थोड्या कुस्त्या मारल्या, थोड्या हरले, गुडघा गेला आणि मग तालमीतच रमले. मला आठवतात ते माती करणारे आजोबा. तांबडी माती खणायची, चाळायची, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मळायची. मुठीत धरली तर लाडू व्हावा, सोडली तर फुटावी, अशी. "पडनाऱ्याला लागाय नगं," एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान.

त्यांच्याकडूनच ऐकलं होतं, की वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो, पण एक राखून ठेवतो. हा राखलेला डाव माझ्या लहानपणी मला फार छळायचा. तो कोणता? वस्ताद मेला की त्याचं काय होतं?

त्याच सुमाराला माझी स्वतःची तालीम वेगळीकडे सुरू झाली होती. शाळेच्या वाटेवर एक व्हिडिओ गेम पार्लर निघालं होतं आणि तिथे स्ट्रीट फायटर टूची पेटी आली होती. त्यातल्या 'हाडोकेन' या आरोळीला आम्ही 'आडूगेन' म्हणायचो आणि जोरात ओरडायचो. समोर मित्र असला तर मजा, नसला तर कॉम्प्युटर. कॉम्प्युटर आधी भयंकर मारायचा. मग कधीतरी त्याची खोड कळायची, अमुक अंतरावर उभं राहिलं की तो तमुकच करतो. एकदा खोड कळली की संपलं. तो शंभर वेळा त्याच फटक्यात पडायचा आणि एकशे एकाव्या वेळी तितक्याच उत्साहाने पडायला यायचा. त्याला लागत नव्हतं, म्हणून त्याला कळतही नव्हतं. हे आजोबांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "म्हंजे त्यो पैलवान न्हवं, मल्लखांब हाय."

पडून शिकणारा मल्लखांब मला भेटला तो २०१९ साली. कामानिमित्त काही महिने ओसाकात होतो. निप्पोनबाशीच्या दुकानांतून फिरताना कर्बी दिसला आणि उचलला. त्याला ज्यात लढवायचं तो खेळ होता सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट, डिसेंबर २०१८ मध्ये आलेला. या मालिकेचा पहिला खेळ १९९९ चा. कर्बीचा जन्मदाता मासाहिरो साकुराई यानेच तो घडवला, आणि पुढे निन्टेन्डोचा अध्यक्ष झालेला सातोरु इवाता त्याच्या पहिल्या कच्च्या नमुन्याचं प्रोग्रॅमिंग करत होता. त्यात चितपट नसते. मार बसेल तसा अंगावरचा टक्क्यांचा आकडा चढतो. आकडा जितका मोठा, तितका पुढचा फटका तुम्हाला लांब उडवतो. फडाबाहेर उडालात आणि परत येता आलं नाही, की गेलात.

साध्या कॉम्प्युटर खेळाडूला यात एक ते नऊ पायऱ्या असतात. अमीबोला पन्नास. पहिल्या पायरीवरचा माझा कर्बी बावळटासारखा चालायचा आणि भलतीकडेच हातोडा हाणायचा. त्याला शिकवायची रीत तालमीतलीच: समोर उभं राहायचं आणि लढायचं. आपणही कर्बीच घ्यायचा, म्हणजे जोड बरोबरीची. खुराकही असतो. खेळात जिंकलेली 'स्पिरिट्स' त्याला चारली की अंगात ताकद येते. आणि लढत झाली की बाहुली उचलून कंट्रोलरला टेकवायची. बैठकीतल्या चिपमध्ये त्या दिवसाचं शिक्षण उतरतं. टेकवायला विसरलात, तर तेवढी मेहनत पाण्यात. आखाड्यात उतरताना आजोबा माती कपाळाला लावायचे. माझा हात रोज रात्री कंट्रोलरकडे जायचा तो साधारण त्याच भावनेने.

त्या चिपची सगळी जागा ५४० बाइट. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह साठवायला सहसा तीन बाइट लागतात, म्हणजे तिच्यात मराठीच्या दोन-तीन ओळी कशाबशा मावतील. या खेळाने तिथे कोरलेला स्वभाव म्हणजे नुसती मापं: किती पुढे घुसायचं, किती उडायचं, कोणता फटका किती वेळा. त्यात विचार असा काही नसतो. पण तीस-चाळीस लढतींनंतर मला त्याच्यात ओळखीचं काहीतरी दिसायला लागलं. कर्बीला हवेत पुन्हा पुन्हा उड्या मारता येतात. प्रतिस्पर्धी बाहेर उडाला, की त्याच्यामागे झेपावून त्याला तिथेच गाठायचं, हा खरा कर्बीचा खेळ. माझा पठ्ठ्या मात्र फडाच्या काठाशी येऊन थांबायचा आणि वाट बघायचा. मला काही कळेना. मग एक लढत खेळता खेळता मी स्वतःकडे पाहिलं. मी काठावर उभा होतो.

पन्नासाव्या पायरीला पोचला तसा तो मला हरवू लागला. त्याची ढाल माझ्या बोटांपेक्षा आधी वर यायची. आपल्याच चेल्याकडून मार खाताना पहिले दोन दिवस अभिमान वाटतो. तिसऱ्या दिवशी मला तो राखलेला डाव आठवला. तो खरोखरच माझ्याकडे होता. उंच उडायचं आणि मध्येच दगड होऊन खाली कोसळायचं, ही कर्बीची चाल. शिकवताना ती मी मुद्दाम एकदाही वापरली नव्हती. त्या रात्री वापरली. पठ्ठ्या गेला. दुसऱ्या रात्री पुन्हा गेला. मी आठवडाभर दगड होऊन कोसळत राहिलो आणि खूश होऊन रोज बाहुली कंट्रोलरला टेकवत राहिलो. पुढच्या आठवड्यात एका रात्री मी जमिनीवर होतो आणि वरून धोंडा आला.

मी मोठ्याने हसलो. भाड्याच्या खोलीत, मध्यरात्री, एकटाच.

कारण आजोबांनी हे मला सांगितलं होतं. लहानपणी एकदा मी त्यांना हट्टाने विचारलं होतं, की वस्ताद तो डाव वापरतो तरी कधी. त्यांनी मातीतून हात न काढता उत्तर दिलं होतं, "वापरला, की त्यो शिकिवल्याला झाला." मला तेव्हा वाटलं, त्यांनी प्रश्न उडवून लावला.

खेळात एक सोय आहे. बाहुलीचं शिकणं बंद करता येतं. पठ्ठ्या मनासारखा तयार झाला, की जाणती माणसं ते बटण बंद करतात, नाहीतर पुढच्या ढिसाळ लढती तो अंगी लावून घेतो. पुण्याला परतल्यावर मीही बंद केलं. आता तो दगड होऊन कोसळायचा, काठावर थांबायचा आणि मी काहीही केलं तरी उद्या तसाच असायचा. महिनाभराने त्याची खोड मला पाठ झाली. पार्लरमधला तो मल्लखांब मी घरी आणून ठेवला होता.

ते बटण पुन्हा चालू केलं माझ्या मुलाने, मला न विचारता. तो नऊ वर्षांचा आहे आणि त्याला पडायचं भय नाही. प्रतिस्पर्ध्याच्या मागे तो थेट दरीत उडी घेतो. निम्म्या वेळा परत येत नाही, आणि लगेच पुढच्या डावाला तयार असतो. ५४० बाइटांत दोन वस्तादांना जागा नाही. कर्बी हळूहळू त्याचा झाला. आता तोही काठावरून झेपावतो. क्वचित कधी काठाशी क्षणभर थबकल्यासारखा वाटतो, पण तो माझ्या नजरेचा दोषही असेल.

रविवारी मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही या ना, त्याला जोड पाहिजे." मी जातो. बाहुलीला आणि मला फडावर सोडून तो शेजारी बसून बघतो, सूचना देतो, आणि मला फडाबाहेर उडवलं की टाळ्या वाजवतो. हाती आहे ते सगळं मी वापरतो, काही राखत नाही. नीट लढून नीट पडायचं, एवढंच काम आता माझ्याकडे आहे. लढत संपली की बाहुली कंट्रोलरला टेकवायचा मान त्याचा.